चाळीस सेकंद

आमच्याकडे मुलांना रात्रीची भीती कोणी फारशी घालत नाही. घालतात ती मे महिन्यातल्या दुपारची. बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटर अर्धी खाली ओढलेली असतात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, आणि इतकी शांतता असते की दूरच्या घरातला नळ टपकलेला ऐकू येतो.

त्या दिवशी बुधवार होता. बाबा सकाळीच कंपनीच्या बसने हिंगण्याला गेले होते. मी खिडक्यांवर ओल्या चादरी सोडल्या होत्या, त्यामुळे पुढची खोली भर दोन वाजता दिवेलागणीसारखी दिसत होती. यंदा कूलर काढलाच नव्हता. तो दरवर्षी आई काढायची. बाबा दर रविवारी म्हणत, पुढच्या रविवारी नक्की, आणि कूलर गच्चीवर प्लास्टिकखाली तसाच पडून होता.

मी कॉम्प्युटरसमोर बसून आईचा बिनतारी हेडसेट जोडत होते. काम साधं होतं. भूगोलाच्या पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाचायचा, रेकॉर्ड करायचा आणि अपेक्षाताईला पाठवायचा.

अपेक्षाताईला दिसत नाही. ती काटोलकडच्या एका खेड्यातली, इथे वसतिगृहात राहून बी. ए. करते. छापील मराठी पुस्तकं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो, पण तिच्या मते त्यातला माणूस तोंडात खडे धरून बोलतो. म्हणून आई तिच्यासाठी वाचायची. रोज दुपारी, बाबा कामावर आणि गल्ली झोपलेली असताना, कूलर मंद करून, हा हेडसेट लावून. भूगोलाचे अकरा धडे झाले होते. बारावा, सागरी प्रवाहांचा, राहिला. गेल्या मे महिन्यात आईला ऊन लागण्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. ताईचा तो पेपर गेल्या वर्षी सहा मार्कांनी राहिला. यंदा पुन्हा होता, सोमवारी. बारावा धडा मी वाचून देईन, असं मी कबूल केलं होतं. मला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटतो, तरी कबूल केलं होतं.

आईच्या कामात माझाही वाटा असे. वाचताना चूक झाली की ती थांबायची, एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायची. टाळीचा आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर उंच काडीसारखा उभा राहतो. त्यामुळे नंतर नुसतं बघून कळतं की कुठे कापायचं आहे. कापायचं काम माझं. माझी शाळा सकाळची, म्हणून संध्याकाळी बसून मी ते करायचे, दहा मिनिटांत. चूक म्हणजे नेहमी वाचनातलीच असे असं नाही. "नूपुर, दूध बघ गं," टाळी. "दारात कोण आहे?" टाळी. "हा शब्द कोणी केला असेल, जीभ मोडेल माणसाची," टाळी. मी सगळं कापत गेले. जागा कमी होती म्हणून जुन्या फाईलवरच नवी साठवत गेले.

आई गेल्यावर माझ्याजवळ तिच्या आवाजाचे कितीतरी तास उरले. ते सगळे मी ऐकले. त्यात पठारं आहेत, मोसमी वारे आहेत, ज्वालामुखी आहेत. माझं नाव एकदाही नाही. ती घरात जशी बोलायची तसं एक वाक्यही नाही. ते मी माझ्या हाताने काढून टाकलं होतं.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. अकराव्या धड्याच्या शेवटी एक मोठा तुकडा होता, चाळीस सेकंदांचा. आधी टाळी, मग बारीक हलणारी रेघ, मग पुन्हा टाळी. इतका मोठा तुकडा आई कधी सोडत नसे. त्या दिवशी मला घाई होती. मी हेडसेट कानाला लावलासुद्धा नाही. नुसती रेघ बघितली आणि कापली. त्या चाळीस सेकंदांत ती काय म्हणाली, हे मला वर्षभर छळत होतं. झोपताना मी एक ते चाळीस आकडे मोजायचे आणि प्रत्येक आकड्यावर आई काय म्हणू शकली असती ते ठरवायचे.

तर त्या बुधवारी हेडसेट जोडला जात होता, पण आवाज येत नव्हता. पडद्यावर 'कनेक्टेड' दिसत होतं. तपासायला लावलेल्या आईच्या पहिल्या धड्याच्या आवाजाची हिरवी पट्टी खालीवर नाचत होती, म्हणजे कॉम्प्युटर आवाज पाठवत होता. कानात मात्र काहीच नाही. मी बोलले तर माइकची पट्टीही हलेना. हेडसेट यादीतून काढून पुन्हा जोडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी बाबांनी घरी ठेवलेल्या बटनांच्या फोनवरून अपेक्षाताईला फोन लावला. तिचं सगळं आयुष्य हेडसेटवर चालतं, तिच्याइतकं त्यातलं कोणाला कळत नाही.

"काय वं, झाला का धडा?"

"नाही ताई. हेडसेट जोडला जातो, पण आवाज येत नाही."

"आऊटपुटमध्ये त्याचंच नाव निवडलं ना?"

"हो."

"काढून परत जोडला?"

"दोनदा."

"मंग चालू करतानी त्यातली बाई काय बोलते, ते सांग."

मी हेडसेट बंद करून चालू केला. कानात ती यांत्रिक बाई बोलली. मी तसंच सांगितलं, "टू डिव्हाइसेस कनेक्टेड."

"हं, आता कसं. तुया घरात दुसरा कोणाचा फोन जोडलेला हाय त्याले. हेडसेटले दोन मालक चालतात, पण कान एका वेळी एकालेच देते ते. त्या फोनवर कोणी बोलून राहिलं असन, तं कॉम्प्युटरले काहीच नाही भेटत. माया रूममधली पोरगी अशीच. ती तिच्या त्याच्यासंगं बोलते, आन् मी इकडे कान लावून मुकी बसून राहतो."

"घरात दुसरा फोन नाही, ताई. बाबांचा हिंगण्याला आहे."

"तुया आईचा?"

"कपाटात आहे. बॅटरी फुगलीय. वर्षभर बंद आहे."

"शेजाऱ्याचा असन मंग. भिंत काय अडवते. गप बसून ऐक बरं, कोण बोलते ते. मंग त्याले बंद करायले सांग."

फोन ठेवून मी हेडसेट कानांवर घट्ट धरला आणि डोळे मिटले.

आधी काहीच नव्हतं. मग फार खालून, जसा विहिरीतून यावा तसा, एक घरघराट आला. एकसारखा, मध्येच पाण्याचा थेंब पडल्यासारखा. तो कूलर होता. मी डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कूलर नव्हता. ओली चादर होती, तीही हलत नव्हती. पण खोलीत वास येऊ लागला होता. कूलरच्या भिजलेल्या गवताचा, पहिल्या दिवशी येतो तसा, मातकट, गार...

मग टाळी वाजली. एकच.

"नूपुर, दूध बघ गं. उतू जाईल."

मी उठले नाही. उठताच आलं नाही. माझे हात हेडसेटवर होते. आवाज पातळ होता, फोनवर येतो तसा, पण तो तोच होता. वाचनाचा नव्हता. घरातला होता.

हा तुकडा मी ओळखला. मी आयुष्यात सगळ्यात पहिल्यांदा कापलेला तुकडा होता तो.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा बसले. शुक्रवारीही. तुकडे क्रमाने येत होते, ज्या क्रमाने मी कापले होते त्याच. मधली शांतता कधी पाच मिनिटांची, कधी अर्ध्या तासाची. मग टाळी, आणि एखादं वाक्य. "उद्या डब्याला काय देऊ?" "पंख्याला पदर अडकेल माझा." एकदा नुसतं खोकणं. एकदा तिचं हसणं, कशावर ते आठवत नाही. मला भीती वाटत होती, हे खोटं सांगणार नाही. पाठीमागे बघण्याची हिंमत होत नव्हती. पण चार वाजले की गल्लीत पहिली स्कूटर सुरू व्हायची, वास जायचा, आणि मला वाटायचं, आता उद्याच्या दोनपर्यंत वेळ कसा काढू...

कारण मी मोजत होते. दुसरा धडा झाला, पाचवा झाला, आठवा झाला. अकराव्याच्या शेवटी ती चाळीस सेकंदं येणार होती.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी हेडसेट लावून पाहिला. "मुकं आहे हे तर," ते म्हणाले. "शनिवारी हाफ डे आहे. जरीपटक्याला नत्थूजींच्या दुकानात नेतो. ते रिसेट मारून देतील, सगळं जुनं पुसलं की चालू होईल."

"नको."

बाबांनी चष्मा वर केला. मी त्यांना कधी नको म्हणत नाही.

"अगं, अपेक्षाचा पेपर आहे ना सोमवारी?"

"मी करते. होईल माझ्याकडून."

"दोन दिवस काय करून राहिली मग?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते हेडसेटच्या कानावरचं फाटलेलं कातडं अंगठ्याने सारखं करत होते. "तुझ्या आईने कोणाला ताटकळत नसतं ठेवलं."

त्यांना सांगावंसं वाटलं, पण त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मला येतं हे सांगितलं असतं, तर ते त्यांच्या वाट्याचं घेतल्यासारखं झालं असतं.

शुक्रवारी ताईचा फोन आला.

"झाला का दुरुस्त?"

"नाही ताई. अजून तसंच."

"नूपुर, मले दिसत नाही, पण ऐकू येते ना. तू खोटं बोलायच्या आधी श्वास घेते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काहून करून राहिली असं, ते नाही विचारत मी. पण एका धड्यापायी मायं एक साल गेलं. आता राहिली तं बाप सामान घ्याले येते वसतिगृहात, तसं सांगूनच ठेवलं त्यानं. मंग घरी बसून तुरी सोलाच्या." ती हसली, पण हसणं अर्ध्यात थांबलं. "तुया आईचा आवाज मायाजवळ बी हाय. अकरा धडे. रोज ऐकतो मी तिले. तिले म्हणावं, तुया पोरीनं मले टांगलं."

रात्री मी जेवले नाही. ताईचा धडा रेकॉर्ड करायचा तर तो दुसरा फोन, जो कुठला असेल तो, हेडसेटमधून काढून टाकायला हवा होता. बटण दहा सेकंद दाबलं की झालं. आणि मग आई...

शनिवार. बाबा तीन वाजता येणार होते. मी एक वाजताच बसले. ऊन इतकं होतं की चादरीतून पांढरं दिसत होतं. नववा धडा. दहावा. टाळ्यांमधली अंतरं कमी होत गेली, जणू तिलाही तीनच्या आत संपवायचं होतं. अडीच वाजता अकरावा सुरू झाला. "नूपुर, पाणी दे गं," टाळी. हे मला आठवत होतं. यानंतर तोच तुकडा.

टाळी वाजली.

मी श्वास धरला. घड्याळाच्या काट्याकडे बघत होते. पाच सेकंदं नुसता कूलर. आई बोलली नाही. दहा. तिचा श्वास ऐकू येत होता, माइकच्या अगदी जवळ. ती थांबली होती. मग लांबून, स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजातून कोणीतरी गुणगुणू लागलं. बारीक आवाज, मध्येच शब्द विसरून नुसता सूर. मला ओळखायला वेळ लागला.

ती मीच होते.

मी कोणासमोर गात नाही. घरात कोणी ऐकत नाही असं वाटलं की गाते. आईने वाचन थांबवलं होतं, टाळी वाजवून जागेची खूण करून ठेवली होती, आणि माझं गाणं त्या माइकमध्ये येऊ दिलं होतं. ठेवण्यासाठी. आणि मी ते कापलं होतं.

पस्तीस. चाळीस. दुसरी टाळी वाजली.

इथे संपायला हवं होतं. माझ्या कात्रीखालचं सगळं संपलं होतं. पण कूलर चालूच होता. एक्केचाळीस. बेचाळीस. पन्नास... खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पानं उलटली गेली. आणि मग तिने अगदी हळू, रेकॉर्डिंगच्या आधी ती नेहमी विचारायची तसं, विचारलं,

"येतोय का गं आवाज?"

हे तिने कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. हे ती चालू करायच्या आधी विचारायची. मी दारात उभी राहून मान हलवायचे. आता मान हलवून भागणार नव्हतं.

"येतोय..." मी म्हणाले. "आई, येतोय."

वास इतका दाट झाला होता की घशात गारवा लागत होता.

"मग आता तू वाच."

"आई, थोडा वेळ... तू थांब ना."

"ती पोरगी खोळंबली आहे," आई म्हणाली. "मी काढते माझ्याकडून."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात यांत्रिक बाई बोलली, "वन डिव्हाइस कनेक्टेड," आणि कूलरचा आवाज मध्येच तुटला. कॉम्प्युटरवर मी त्या दिवशीही तपासायला चालू करून ठेवलेला आईचाच पहिला धडा दोन्ही कानांत मोठ्याने वाजू लागला. पृथ्वीच्या अंतरंगाचा. मी तो बंद केला. माइकची पट्टी माझ्या श्वासाबरोबर हलत होती.

बाबा आले तेव्हा मी वाचत होते. ते दारात थबकले, चप्पल हातात घेऊन आत गेले. उष्ण प्रवाह, शीत प्रवाह. मी तीनदा चुकले, तीनदा टाळी वाजवली. एकदा मध्येच रडले, तेव्हाही वाजवली. शेवटचं वाक्य झाल्यावर मी माइक बंद केला नाही. बाबा आंघोळीला गेले होते. मी ते गाणं म्हटलं, पूर्ण, शब्द न विसरता. कोणासाठी ते सांगायला नको.

संध्याकाळी कापायला बसले. पडद्यावर एकही काडी उभी नव्हती. टाळ्या नव्हत्या, चुका नव्हत्या, रडणं नव्हतं. गाणंही नव्हतं. धडा एकसंध होता आणि शेवटच्या वाक्याला संपत होता. कापलेल्या जागी नीट लक्ष दिलं तर एक बारीक सांधा जाणवत होता. मला ते सांधे कळतात. मीही तसेच घालायचे.

मला भीती वाटली नाही. उलट रात्री वर्षानंतर पहिल्यांदा आकडे न मोजता झोप लागली. माझे तुकडे कोणीतरी ठेवून घेतले होते.

ताईचा पेपर चांगला गेला. "तुया आवाज आईसारखा नाही," ती म्हणाली, "बारीक हाय. पण मले सवय होईन." तिने पुढचं पुस्तक पाठवलं. मी आता रोज दुपारी वाचते. खरं सांगायचं तर वाचते थोडं आणि बोलते जास्त. दिवसभरात काय झालं, बाबांनी शेवटी कूलर कसा बसवला, शाळा सुरू झाल्यावर मागच्या बाकावर बसायचं ठरवलंय, सगळं. टाळी वाजवते आणि बोलते. फाईलमध्ये त्यातलं काही राहत नाही.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. नव्या पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यात मधली दोन वाक्यं नाहीत, म्हणाली. मी तपासलं. खरंच नव्हती. तिथे मी टाळी वाजवली नव्हती. तिसऱ्या धड्यात एक पूर्ण पान नाही. कालच्या फाईलमध्ये मी तासभर वाचलं आणि उरलीत अकरा मिनिटं. मी ताईला म्हटलं, हेडसेट खराब झालाय, बघते. ती म्हणाली, "हॅलो? नूपुर? बोल ना वं," आणि दोनदा हॅलो करून तिने फोन ठेवला. रेंज नसेल.

हे मी वहीत लिहून ठेवते आहे. बोलून सांगण्यापेक्षा लिहिणं मला आधीपासूनच बरं जमतं.

आत्ताच बाबा कामावरून आले. स्वयंपाकघरातून त्यांनी मला हाक मारली, मी ओ दिली. त्यांनी पुन्हा मारली. मी पुन्हा ओ दिली. मग ते दारात आले, पाण्याचा तांब्या हातात तसाच, आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, इथेच तर बसली आहेस. केव्हाचा हाका मारतोय, एकदा तरी ओ देशील की नाही?"

मी तिसऱ्यांदा ओ दिली.

ते उत्तराची वाट बघत दारातच उभे आहेत.